वॉशर

खमीस बिन राशिद. नावाचा अर्थ गुरुवार,
आला शनिवारी, पिकअपच्या मागच्या सीटवर
चादरीत गुंडाळलेली छऱ्याची बंदूक घेऊन
आणि तिच्याहून जास्त जपलेला परवाना,
दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत.

इब्राच्या सनैय्यात आमची शेड.
पंपांचे शाफ्ट, बोअरचे कपलिंग,
पंखा गरम हवाच इकडची तिकडे करतो.
बंदूक कधी खोलली नव्हती. तरी हो म्हटलं.
इचलकरंजीत मागांचे पार्ट केलेत मी,
स्प्रिंग ती स्प्रिंगच.

नव्हती.
शेवटच्या आट्याला क्लॅम्प सुटला
आणि पन्नास वर्षं गिळलेलं एकदम बोलून टाकावं
तशी ती निघाली, दुर्रकच्या कानाजवळून,
पत्र्यावर आपटली,
पडून राहिली कमरेत वाकलेली.

सगळं नव्या मालाचं करायचं ठरलं.
स्प्रिंगच्या पोटात पांढऱ्या एसिटलचं गाइड,
इतकं नेमकं की तळहातानं रेटावं लागेल.
पिस्टनला सील पॉलियुरेथेनचं.
ते मऊ. टूल लावलं की अंग चोरतं.
म्हणून रात्रभर मेसच्या फ्रीजरात ठेवलं
बिजूच्या सुरमईशेजारी,
आणि पहाटे, दगड झालेलं, पळत आणलं लेथवर.
दोन फुकट गेली. तिसरं बसलं, त्याला किंचित माशाचा वास.
काळं ग्रीस, नखभरच.
दस्त्याची चीर इपॉक्सीनं भरली,
वरून अळशीच्या तेलाचे तीन हात.

राहिला जुना वॉशर. चामड्याचा,
तेल पिऊन पिऊन काळा ठिक्कर.
रॉकेलात धुतला तर कडेला भोकं निघाली.
सहा. तिरकी, एका ओळीत.
एका भोकात अडकलेला वादीचा तुकडा.

इथं वादी म्हणजे कोरडी नदी.
आमच्याकडे कापशीत वादी म्हणजे चामड्याची दोरी,
टाच शिवतात तिनं,
चामड्याला चामडं, खिळा नाही, दोरा नाही.
कोणीतरी आपली चप्पल कापली होती.

दुर्रक म्हणाला, बलुची चप्पलही अशीच असते.
असेल.
मी खमीसला विचारलं, आधी कोणी दुरुस्त केलेली?
वडलांच्या वेळी, म्हणाला, एक हिंदी होता,
डिझेल पंपावर.
नाव? त्यानं हवेत हात हलवला.
तो एका पायानं अनवाणी परत गेला का,
एवढं विचारणं माझ्या अरबीला जमलं नाही.

शुक्रवारी वादीत गेलो, नदीच्या वादीत.
टूनाचा डबा दगडावर.
पूर्वी ही टणकन वाजायची, हाताला मुंग्या आणायची.
आता नुसतं ठप्, उशी झटकल्यासारखं.
पाच छरे, आणि पाचही
पन्नास बैशांच्या नाण्याखाली झाकतील असे.

खमीस हसला. मग नळीला नाक लावलं.
वेन रीहा? वास कुठाय?
जळक्या तेलाचा वास. लहानपणी
खजुरावरचे पोपट उडवताना यायचा तो.
म्हटलं, चाचा, वास म्हणजे चूकच होती,
तेल सीलच्या पुढे जाऊन जळायचं.
मालूम है, म्हणाला.
पाच रियाल जास्त दिले.
वॉशर मागितला नाही.

तो माझ्या व्हर्नियरच्या डबीत आहे.
पुढे कधी कोणी ही बंदूक खोलेल,
त्याला पांढरं गाइड सापडेल, गुळगुळीत,
कुठूनही आलेलं.
माझं म्हणून काहीतरी आत ठेवावं
असं बसवायच्या आधी मनात आलं होतं.
पायांकडे पाहिलंही.
सेफ्टी बूट, रबरी तळ,
जिभेवर छापलेला नंबर.
कंपनीचे. जाताना जमा करायचे.